ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांपैकी एक होत्या. वैवाहिक आयुष्याची सुरुवातीची वर्षे त्यांनी वऱ्हाडातील अमरावती येथे काढली. पुढे राजकोट, भावनगर, मुंबई, बोर्डी व कोसबाड ही त्यांची कार्यक्षेत्रे झाली. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी माँटेसरी पद्धत भारतीय परिस्थितीत रुजवली. नंतर अनुताई वाघ यांच्यासह ती त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. बालवाडी व अंगणवाडी या आज सर्वपरिचित असलेल्या कल्पनांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

विद्यार्थ्याचे मूल्यमापन कसे करावे, या प्रश्नाला ताराबाईंच्या कार्यात महत्त्वाचे स्थान आहे. परीक्षा, क्रमांक, बक्षीस आणि शिक्षा ही त्या काळच्या शाळेची चार प्रमुख साधने होती. ती वगळून मुलाची प्रगती ओळखता येते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चालवलेल्या शाळांतून दाखवले. त्यांच्या उत्तरायुष्यातील आदिवासी भागातील कामात हा विचार आणखी पुढे गेला. मूल शाळेत येत नसेल किंवा टिकत नसेल, तर तपासणी आधी शाळेची व्हावी, अशी दिशा त्या कामाला मिळाली.

बालपण व शिक्षण

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आईचे नाव उमाबाई. घरातील वातावरण सुधारकी असल्यामुळे मुलींच्या शिक्षणाला तेथे आडकाठी नव्हती. ताराबाईंचे शिक्षण मुंबईत झाले आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत पोचणाऱ्या मराठी स्त्रियांची संख्या अत्यल्प होती. परीक्षापद्धतीवर पुढे जी टीका झाली, तिच्यात सहभागी असलेल्या ताराबाई स्वतः त्या पद्धतीच्या सर्व पायऱ्या यशस्वीपणे चढून आलेल्या होत्या.

अमरावतीतील वर्षे

१९१५ च्या सुमारास अमरावती येथील वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस राहू लागल्या. वऱ्हाड हा प्रांत मूळचा निजामाच्या मालकीचा. १८५३ पासून तो इंग्रजांच्या ताब्यात होता. १९०२ च्या करारानंतर तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. अमरावती व अकोला ही त्यातील प्रमुख शहरे. कापसाच्या व्यापारामुळे ती संपन्न होती. १८९७ चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले होते. अकोल्यात शेक्सपिअरच्या नाटकांचे मराठी रूपांतरकार विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्याने इंग्रजी शिक्षणाची परंपरा घडवली होती.

मात्र उच्च शिक्षणासाठी वऱ्हाडातील तरुणांना नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये, म्हणजे ताराबाईंनी शहर सोडल्यानंतर, सुरू झाले. अशा परिस्थितीत मॅट्रिकच्या परीक्षेला असाधारण महत्त्व होते. सरकारी नोकरी, वकिली आणि पुढचे शिक्षण यांची वाट या एका परीक्षेतून जाई. तिच्या खालच्या इयत्तांतही वार्षिक परीक्षा आणि शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची तपासणी यांभोवती शाळेचे वर्ष फिरत असे. वऱ्हाडापुरती ही स्थिती मर्यादित नव्हती. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने शाळांचे अनुदान विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील निकालाशी जोडले होते. त्याच धर्तीवरील अनुदानपद्धती भारतातील काही प्रांतांतही आली. शिक्षकाने पाठांतर करवून घ्यावे आणि मुलाने ते अधिकाऱ्यापुढे म्हणून दाखवावे, या रीतीची मुळे अशा व्यवस्थेत होती.

अमरावतीत ताराबाईंचे वास्तव्य सुमारे सहा वर्षे होते. तेथे असतानाच त्यांना कन्यारत्न झाले. वैवाहिक जीवन मात्र टिकले नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि लहान मुलीसह स्वतंत्र आयुष्य उभारण्याच्या निश्चयाने अमरावतीबाहेर पडल्या. त्या काळात एका सुशिक्षित स्त्रीसाठीही हा निर्णय सोपा नव्हता. चरितार्थाची गरज आणि मुलीच्या शिक्षणाची काळजी या दोन गोष्टींनी त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली.

राजकोट व भावनगर

अमरावती सोडल्यावर ताराबाई काठेवाडातील राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या या संस्थेच्या त्या पहिल्या भारतीय प्राचार्य होत. पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. परंतु आपल्या मुलीला कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे, याचा शोध घेताना त्यांचे लक्ष भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेकडे गेले.

दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन १९१० मध्ये नानाभाई भट्ट यांनी स्थापन केले होते. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे व्यवसायाने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना ते माँटेसरी साहित्याकडे वळले, वकिली सोडून १९१६ मध्ये या संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. अपत्याच्या शिक्षणाच्या काळजीतून बालशिक्षणाकडे येण्याचा हा प्रवास गिजुभाई व ताराबाई या दोघांत समान होता. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. पुढील सुमारे नऊ वर्षे त्यांनी बालमंदिर, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि गुजराती बालसाहित्याचे संपादन या कामांत घालवली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिका या नियतकालिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली निघू लागली.

परीक्षेविना मूल्यमापन

इटालियन वैद्य मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. लहान मुलांच्या शिक्षणात स्पर्धा, बक्षिसे व शिक्षा यांना स्थान नसावे, असे त्यांचे मत त्या अनुभवातून बनले. गिजुभाई व ताराबाईंनी भावनगरला हे तत्त्व स्वीकारले. परीक्षा काढून टाकल्यानंतर मुलाची प्रगती कशी कळणार, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. त्याचे उत्तर बालमंदिराच्या दैनंदिन रचनेतच होते आणि ते पुढील चार गोष्टींतून समजून घेता येते.

पहिली गोष्ट म्हणजे चूक दाखवणारी साधने. माँटेसरी साहित्यातील दट्ट्यांची पेटी हे याचे ठळक उदाहरण आहे. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा असतात आणि त्यांत बसणारे दहा दट्टे निरनिराळ्या मापांचे असतात. दट्टा चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एखादा दट्टा खाचेत मावत नाही किंवा सैल पडतो. चूक झाली हे मुलाला वस्तूच सांगते. शिक्षिकेने बरोबर किंवा चूक असा निवाडा देण्याची गरज राहत नाही. मूल दट्टे बाहेर काढून पुन्हा लावू लागते. एक ते दहा सेंटिमीटर बाजू असलेल्या दहा घनांचा मनोराही असेच काम करतो. आपल्या कामाची पारख स्वतः करण्याची सवय मुलाला अशा साधनांतून वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन पायऱ्यांचा पाठ. पहिल्या पायरीवर शिक्षिका वस्तूचे किंवा गुणाचे नाव सांगते. उदाहरणार्थ, हा लाल रंग, हा निळा रंग. दुसऱ्या पायरीवर ती मुलाला लाल किंवा निळा रंग दाखवायला सांगते. तिसऱ्या पायरीवर रंगाकडे बोट करून त्याचे नाव विचारते. दुसऱ्या पायरीवर मूल चुकले, तर शिक्षिका त्याची चूक काढत नाही आणि पाठ पुढेही रेटत नाही. मुलाची अद्याप तयारी झालेली नाही, एवढाच बोध घेऊन ती पाठ तेथेच थांबवते व दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करते. या पाठात प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर तपासलेलेही असते. त्या तपासणीचा परिणाम मात्र मुलाच्या दर्जावर होत नाही. शिक्षिकेच्या पुढच्या नियोजनावर होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे निरीक्षण. मुलाने आज कोणते साधन निवडले, त्यात किती वेळ रमले, ते किती वेळा पुन्हा केले, काम संपल्यावर साधन जागेवर ठेवले का, दुसऱ्या मुलाला वाट मोकळी करून दिली का, अशा बाबी पाहून त्यांची नोंद करणे हे शिक्षिकेचे मुख्य काम ठरते. सान लोरेन्झो येथे तीन वर्षांची एक मुलगी दट्टे काढून लावण्याचे काम चाळीसहून अधिक वेळा करताना माँटेसरी यांनी पाहिले होते. भोवती इतर मुले गात असताना आणि खुर्चीसह उचलून ठेवल्यावरही तिची एकाग्रता मोडली नाही. एका ठरावीक दिवशीच्या परीक्षेत असा अनुभव हाती लागत नाही. रोज पाहणाऱ्या शिक्षकालाच तो टिपता येतो.

चौथी गोष्ट म्हणजे तुलनेचा अभाव. बालमंदिरात मुलांचे क्रमांक लावले जात नसत. प्रत्येक मुलाची आजची स्थिती त्याच्याच मागील स्थितीशी ताडून पाहिली जाई. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र काम करत असल्यामुळे सर्वांनी एकाच दिवशी एकाच पायरीवर असावे, ही अपेक्षाही उरत नसे.

गिजुभाईंच्या दिवास्वप्न या १९३२ मधील गुजराती पुस्तकात याच विचाराचा विस्तार प्राथमिक शाळेपर्यंत झालेला दिसतो. प्रयोग करण्याची परवानगी घेऊन चौथीचा वर्ग हाती घेणाऱ्या एका शिक्षकाची ती कथा आहे. त्यात गोष्टी, खेळ व ग्रंथालय यांच्याबरोबर परीक्षा व क्रमांक यांच्या प्रथेचाही विचार केलेला आहे.

ताराबाई व गिजुभाई यांनी माँटेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. परीकथा व अद्भुत गोष्टींबाबत माँटेसरी साशंक होत्या. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्टी, गाणी, नाट्य व नृत्य यांना मोठे स्थान होते. त्यामुळे निरीक्षणाचे क्षेत्रही विस्तारले. हाताचे काम व इंद्रियांचे शिक्षण यांच्याबरोबर मुलाचे बोलणे, गाणे आणि सोंग घेणे यांतूनही त्याची वाढ पाहिली जाऊ लागली.

दादरचे शिशुविहार

भावनगर सोडून मुंबईस परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले. त्याला जोडून मराठी माध्यमाचे अध्यापक मंदिरही उभे राहिले. परीक्षेऐवजी निरीक्षणावर भर द्यायचा, तर निरीक्षण करू शकणारा शिक्षक आधी तयार व्हावा लागतो. म्हणून शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचा अविभाज्य भाग राहिला. पालकांशी सतत संवाद ठेवणे हाही त्यातलाच भाग होता. गुणपत्रिका नसलेल्या शाळेत आपले मूल काय शिकते, हे पालकांना बोलून आणि दाखवून समजावून द्यावे लागे. शिक्षणपत्रिकेतील लेखनाचा मोठा रोख पालक व शिक्षक यांच्याकडेच होता. हट्ट, शिस्त, भीती अशा विषयांवर ताराबाईंनी विपुल लेखन केले. मुलाच्या वर्तनावर शिक्का मारण्याआधी त्याचे कारण शोधावे, हे त्या लेखनाचे सूत्र आहे.

१९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या.

बोर्डी व कोसबाड

भावनगर आणि दादर येथील बालमंदिरांत मुख्यतः शहरी मध्यमवर्गाची मुले येत. साधने महाग होती आणि प्रशिक्षित शिक्षिका कमी होत्या. हे शिक्षण खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोचायला हवे, हा आग्रह महात्मा गांधींचा होता. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत मांडली गेलेली नई तालीम ही योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. १९४५ मध्ये सेवाग्राम येथे तिची व्याप्ती वाढवण्यात आली आणि सात वर्षांखालील मुलांचे पूर्वबुनियादी शिक्षणही तिच्यात आले. त्याच वर्षी ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. या कामात त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांची साथ मिळाली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीला शंख-शिंपले, बिया, पाने, खडे व माती यांपासून कमी खर्चाची साधने तयार झाली. त्याहून मोठा बदल शाळेच्या जागेत झाला. मध्यवर्ती बालवाडीत वस्तीतील सर्व मुले येत नाहीत, हे लक्षात आल्यावर शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून तेथे मुले गोळा करायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यायचे, असा क्रम सुरू झाला. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

१९५७ मध्ये संस्थेचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. हा प्रदेश मुख्यतः वारली आदिवासींचा. येथील मुलांना शाळेचा अनुभव नव्हता आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्यांच्या घरच्या बोलीपेक्षा वेगळी होती. सावकार व जमीनदार यांच्या वर्चस्वाखाली पिढ्या काढलेल्या समाजात परक्या माणसाविषयी भीतीही होती. अशा मुलाला पाटीवरच्या अक्षरांवरून जोखले, तर ते पहिल्याच दिवशी नापास ठरणार होते. जंगलातील झाडे, पक्षी, ऋतू आणि पिके यांविषयीचे त्याचे ज्ञान कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नव्हते.

भारतातील प्राथमिक शिक्षणात गळती व स्थगिती हे दोन शब्द १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालापासून रूढ झाले. मूल शाळा सोडून गेले की ती गळती आणि एकाच इयत्तेत पुन्हा बसले की ती स्थगिती. कोसबाडला गैरहजेरीचे प्रत्येक कारण स्वतंत्रपणे तपासले गेले आणि त्यानुसार शाळेचे रूप बदलले. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते, असे दिसले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. भावंड पाळण्यात आणि बहीण वर्गात, अशी सोय त्यामुळे झाली. या एकत्रित रचनेला विकासवाडी हे नाव मिळाले. गुरे राखायला जाणारी मुले दिवसा शाळेत येऊ शकत नाहीत, असे आढळले. त्यांच्यासाठी गुरे चरतात तेथेच कुरणशाळा भरवण्यात आली. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग सुरू झाले.

या रचनेत मूल्यमापनाची दिशा उलटलेली दिसते. प्रचलित व्यवस्थेत हजेरीपट हा मुलाच्या नियमितपणाचा पुरावा मानला जाई. कोसबाडला तो शाळेच्या उपयुक्ततेचा पुरावा ठरला. मूल आले नाही, तर शाळेची वेळ, जागा, भाषा किंवा रीत यांपैकी काय बदलायचे, हे ठरवण्यासाठी ही माहिती वापरली गेली. अंगणवाडी, विकासवाडी व कुरणशाळा ही तीनही रूपे अशा तपासणीतून जन्मली. प्रगतीची लक्षणेही व्यापक झाली. मूल न घाबरता बोलू लागले, स्वच्छ राहू लागले, खेळात दुसऱ्याला सामावून घेऊ लागले, उद्या पुन्हा येईन म्हणू लागले, तर त्याची नोंद महत्त्वाची होती. अक्षरओळख व अंकओळख या त्यानंतरच्या पायऱ्या होत्या.

मर्यादा व आक्षेप

या विचारावर काही आक्षेप घेता येतात आणि बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांची चर्चा होत आली आहे. निरीक्षणावर आधारलेले मूल्यमापन शिक्षकाच्या कसबावर अवलंबून असते. एका शिक्षिकेकडे मुलांची संख्या मोठी असेल, तर प्रत्येकाकडे पुरेसे लक्ष देणे आणि नोंदी ठेवणे कठीण होते. निरीक्षणात शिक्षकाचे पूर्वग्रह शिरण्याचा धोकाही असतो. लेखी परीक्षेचा एक लाभ असा की, उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलाची जात व घर माहीत असण्याची गरज नसते. रोज समोर असलेल्या शिक्षकाच्या बाबतीत ही ओळख लपून राहत नाही. स्थानिक वस्तूंपासून बनवलेल्या साधनांत मूळ माँटेसरी साधनांची काटेकोर मापे नेहमी साधत नाहीत. त्यामुळे मुलाला स्वतःची चूक स्वतः दिसण्याचा गुण काही प्रमाणात कमी होतो.

दुसरी अडचण पुढच्या शिक्षणाची. बालवाडीतून बाहेर पडलेले मूल अखेर परीक्षा घेणाऱ्या शाळेतच जाई. विकासवाडीत बालवाडीला प्राथमिक शाळा जोडल्यामुळे हा सांधा काहीसा भरून निघाला. तथापि माध्यमिक शाळा आणि सार्वजनिक परीक्षा यांची रचना या प्रयोगांच्या कक्षेबाहेरच राहिली. नोकरी व उच्च शिक्षण यांसाठी निवड करण्याचे काम परीक्षा करते. ते कोणी व कसे करावे, हा प्रश्न बालशिक्षणाच्या अनुभवातून पूर्णपणे सुटत नाही.

अखेरची वर्षे व वारसा

ताराबाईंचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले. योगायोगाने मारिया माँटेसरी यांचा जन्मदिनही ३१ ऑगस्ट हाच आहे. ताराबाईंच्या पश्चात कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे नेले. पद्मजा फाटक यांनी ताराबाईंचे चरित्र लिहिले आहे. रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक त्यांच्या जीवनावर आधारलेले आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांचे पोषण, आरोग्य व पूर्वप्राथमिक शिक्षण एकत्र आणणाऱ्या या योजनेच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगात रूढ झालेला शब्द अशा रीतीने देशभर पोचला. महाराष्ट्रातील सुरुवातीच्या प्रकल्पांत मुंबईतील धारावी आणि अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील धारणी यांचा समावेश होता. ताराबाईंनी १९२१ मध्ये ज्या जिल्ह्याचा निरोप घेतला, त्याच जिल्ह्यातील कोरकू आदिवासींच्या गावांत त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी अंगणवाड्या उभ्या राहू लागल्या. मेळघाटातही कोसबाडसारखाच भाषेचा प्रश्न आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. त्यामुळे मूल शिकायला तयार आहे की नाही, हे मराठीतील उत्तरांवरून ठरवण्यातली अडचण तेथे अधिकच तीव्र आहे.

मूल्यमापनाविषयीच्या पुढील धोरणांतही या परंपरेशी जुळणारे विचार आढळतात. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची चाचणी किंवा मुलाखत घेण्यास मनाई केली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवू नये, अशीही तरतूद केली. महाराष्ट्रात त्यानुसार सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि तिच्यात दैनंदिन निरीक्षणाला स्थान मिळाले. पुढे मुले शिकल्याविना वरच्या वर्गात जातात, अशी तक्रार वाढली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि सर्वांगीण प्रगतिपत्रकाची शिफारस केली.

परीक्षा रद्द करणे आणि मूल्यमापन रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वादात अनेकदा नजरेआड होते. ताराबाईंच्या शाळांत परीक्षा नव्हती. परंतु मूल रोज पाहिले जात होते आणि पाहिलेल्यावरून दुसऱ्या दिवशीचा पाठ, साधन किंवा शाळेची जागासुद्धा बदलत होती. नापास न करण्याचे धोरण अशा रोजच्या निरीक्षणाविना राबवले, तर मुलाची अडचण कोणाच्याच लक्षात येत नाही. भावनगर, दादर आणि कोसबाड येथील अनुभव या दृष्टीने शिक्षणाच्या अभ्यासकांना आजही उपयुक्त वाटतो.